हा ढीग कोनाचा

सानगडीच्या बाजारात नवं गिऱ्हाईक मंदाबाईपुढे उकिडवं बसतं, कतल्याचा कल्ला बोटाने वर करून बघतं आणि विचारतं, "ताजी हाये का वं बाई?" हे कानावर पडलं की जुनी गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरकतात. मंदाबाई हातातला मासा पावशीच्या, पायाखाली धरलेल्या विळीच्या, पात्यावरून बाजूला घेते, मनगटाने कपाळ पुसते आणि म्हणते, "नाई बापा. माह्या सासूच्या लग्नातली हाये. तुह्यासाठीच ठेवली होती."

हे बोलताना तिचा आवाज चढत नाही. उलट बारीक होतो, दातांच्या फटीतून येतो, आणि दर शब्दामागे ती इतकं थांबते की वाटावं, काटा काढून पुढचा घास घेते आहे. ज्याला ओरडणारी बाई माहीत आहे त्याला ही बाई कळत नाही. तो अजून हसत असतो आणि तिने त्याला सोलून ठेवलेलं असतं.

लग्नाआधीही ती तापट होती. पण हा जो बारीक आवाज, तो तीन वर्षांचा.

तीन वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी तिचा नवरा तुलाराम छाती चोळत उठला. गावच्या तलावावर त्याचा डोंगा तीस वर्षं चालत होता, घर ढिवरांचं, पिढ्यानपिढ्या मासोळी धरणाऱ्यांचं. मंदाबाई म्हणाली, "आज नोका जाऊ जी." तो म्हणाला, "येतो न दुपारले." दुपारी त्याला चौघांनी आणला.

सांत्वनाला आलेल्या बायांनी आधी देवाची मर्जी सांगितली, मग तिच्या हाताकडे पाहिलं. मंदाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "बांगड्या मी माह्या मासोळीच्या पैशाच्या घेतल्या. त्या फोडाले तुमी कोन?" तिला रडायचं होतं, पण समोर इतके चेहरे तिच्या रडण्याची वाट पाहत बसले होते की तिचा कोरडा संताप झाला. सगळ्यात जास्त संताप तुलारामवर. येतो म्हणाला होता. शब्द देऊन गेलेला माणूस.

तेराव्या दिवसानंतर ती त्याचा डोंगा घेऊन तलावात उतरली. तिच्या समाजात बाया मासोळी विकतात, डोंग्यात बसत नाहीत. तिचा धाकटा दीर कैलाश मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्याची बोलायची एक रीत आहे. तो दर वाक्याला 'म्हंजे कसं हाये' ने हात घालतो आणि 'मी काई बोलत नाई' ने हात धुतो.

"म्हंजे कसं हाये वयनी, बाईमानसानं डोंगा चालवला त चांगलं दिसत नाई. मी काई बोलत नाई."

"नोको बोलू," मंदाबाई म्हणाली आणि बांबू टेकवून डोंगा लोटला.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात तिचं सोमाजीशी पहिलं भांडण झालं.

तलावाच्या पारीखाली, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याखाली, शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, आहेत. पारीच्या पोटातून त्या बांध्यांकडे पाणी सोडायचं जे दगडी भोक, त्याला तुडूम म्हणतात. त्याचं लाकडी बूच कधी काढायचं, कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचं, हे काम गावाने पाणकर म्हणून सोमाजीवर सोपवलेलं. सोमाजी शेतकऱ्याच्या घरचा. उंच, वाकलेला, साठीला आलेला. त्याची बायको ललिताबाई पाच वर्षांपूर्वी गेली आणि मुलगी कोंढ्याला दिलेली. बोलण्यात तो इतका सावकाश की त्याचं 'हव' ऐकेपर्यंत विचारणाऱ्याला आपला प्रश्न आठवावा लागतो.

त्या दिवशी मंदाबाई तुडुमातून निघणाऱ्या नहराच्या कडेला उभी राहिली आणि पाण्यात बोट दाखवलं.

"सोमाजी भाऊ, हे काय जाऊन रायलं?"

"पानी."

"पान्यात काय जाऊन रायलं?"

सोमाजी वाकला. बराच वेळ पाहत राहिला. बोटाएवढी पोरं, रोहूची, कतल्याची, सोसायटीने पावसाळ्यात सोडलेली, चांदीच्या किसासारखी वाहत बांध्यांत चालली होती.

"पिल्लं हायेत मासोळीचे."

"मंग?"

"पाहू न," सोमाजी म्हणाला.

हे 'पाहू न' मंदाबाईच्या डोक्यात गेलं ते गेलंच. घरी जाऊन तिने तुलारामचं जुनं जाळं काढलं, हातभर तुकडा कापला आणि तुडुमाच्या तोंडावर बांधला. तासाभरात गवत आणि कमळाचे देठ अडकून पाणी बंद. खालून शेतकरी ओरडायला लागले. सोमाजीने जाळं सोडून नीट घडी करून दगडावर ठेवलं. तिने पुन्हा बांधलं. त्याने पुन्हा सोडलं, पुन्हा घडी केली. तिसऱ्यांदा ती बांधून तिथेच दगडावर पाय पाण्यात सोडून बसली. "मी कचरा काढत बसतो. आता हात लावून पाहा."

त्याने हात लावला नाही. बूच काढून तोही दुसऱ्या दगडावर बसला.

अशी दोन पावसाळ्यांची ओळख. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, झाल्यापासून धान निसवेपर्यंत, पाण्याच्या पाळीच्या दिवशी सकाळी दोन-तीन तास ही दोघं तुडुमावर. ती जाळ्यावरचा कचरा ओढायची आणि बोलायची. कैलाशवर, सोसायटीवर, सून रुचिकावर, आणि सगळ्यात शेवटी, आवाज अगदी बारीक करून, तुलारामवर. "दुपारले येतो म्हणे. सांगा बरं, असं म्हनते का कोनी?" सोमाजी पाण्याकडे पाहत ऐकायचा. मेल्या माणसावर रागावू नये असं तो एकदाही म्हणाला नाही. गावात तसं न म्हणणारा तो एकटाच.

एकदा तोच बोलला. "ललिताबी गंज बोले. मी कधी उत्तर देल्लं नाई. वाटे, बोलू दे, थकन. आता वाटते, एकखांदं उत्तर द्याले पायजे होतं."

मंदाबाईने हातातला शेवाळाचा गोळा पाण्यात आपटला. जिच्याशी कधी बोलणंही झालं नव्हतं, त्या ललिताबाईच्या वतीने ती पेटली. "तीस वर्षं त्या बाईले भिंतीसंग बोलवलं तुमी. आतातरी तोंड उघडा."

सोमाजीने आठ दिवसांनी तोंड उघडलं. तिने नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुमचं बूच बी तुमच्यासारखंच, हलत नाई." आणि तो म्हणाला, "तुमच्या जाळ्यासारखं त नाई. जे आलं ते अडवते." मंदाबाईने मान वळवून पाहिलं. हा माणूस मनात जुळवत बसला होता, आठ दिवस. तिला हसू येत होतं म्हणून तिने त्याला आणखी दोन शिव्या दिल्या.

पुढच्या आश्विनात ती तापाने पडली. चार दिवस उठली नाही. पाणकर तिच्या घरी पाऊल टाकेल तर गाव दोघांना चघळेल, म्हणून सोमाजी आला नाही, आणि त्याचाही तिला राग आला. पाचव्या दिवशी ती भिंत धरत तुडुमावर गेली. जाळं स्वच्छ होतं. तिच्या दगडावर कडी तुटलेली निळी बादली, वर ओला दुपट्टा झाकलेला, आणि बादलीत बोटाएवढी पिल्लं फिरत होती. जाळ्याच्या फटीतून सुटलेली त्याने नहरातून ओंजळीने धरली होती. तो स्वतः खालच्या बांधीत पाणी वळवत होता, पाठमोरा.

मंदाबाई बादलीजवळ बसली. मग तीन वर्षांचं जे बायांसमोर आलं नव्हतं ते आलं. पाण्याचा आवाज मोठा होता, कोणाला ऐकू गेलं नाही.

धान कापून झालं, पाण्याच्या पाळ्या संपल्या, तुडुमावर जायचं कारणही उरलं नाही. तरी पौषातल्या एका सकाळी ती गेली. सोमाजीही तिथे होता, कोरड्या नहराकडे पाहत.

"घरी चूल थंडी रायते," तो म्हणाला.

मंदाबाईच्या नाकपुड्या फुगल्या. "सैपाकीण पायजे काय?"

"नाई. सैपाक मले येते." तो थांबला. तो थांबला की गाय तलावाची पार ओलांडून जाते. "भांडाले कोनी नाई."

तिने पायाने नहरातलं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, "पाहू न."

गावाला कळायला मात्र कोणाला काही सांगावं लागलं नाही. अवकाळी पावसाच्या एका सकाळी किराणा दुकानापुढे, चार माणसांसमोर, मंदाबाई म्हणाली, "सोमाजी, छत्री घेऊन जा." दोन वर्षं ज्याला भाऊ म्हटलं त्याच्या नावामागचा 'भाऊ' गळून पडला. दुकानदाराने तराजू हातात धरून ठेवला. दुपारपर्यंत ते वाक्य सात घरी, सात चालींवर म्हणून झालं होतं, आणि सातव्या घरी छत्रीखाली दोघं जण होती.

संध्याकाळी घरात बैठक बसली. लिलाधर, मंदाबाईचा मुलगा, साकोलीत मोबाइलच्या दुकानात कामाला. आईपुढे तो नेहमी जमिनीकडे पाहून बोलतो. "आई, तुले आमी काय कमी केलं?" रुचिका जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. तिचं बोलणं इस्त्री केलेलं. "आई, माझा विरोध नाहीये. पण आमच्या पप्पांना कॉलनीत काय सांगू? म्हणजे, एक्झॅक्टली काय सांगू?"

"एक्झॅक्टली सांग," मंदाबाई म्हणाली, "का माह्या सासूले भांडाले मानूस भेटला."

मग कैलाशने खाकरून घेतलं. त्याला चहा नको होता, पाणी नको होतं, तो फक्त दोन शब्द बोलायला आला होता. "म्हंजे कसं हाये वयनी, आपल्या समाजात पाट लागते. बाईचं दुसरं लगन आजचं नाई, आजीच्या काळापासून हाये. तो मानूस आपल्यातला नाई, तेही जाऊ द्या. पण पाट लागला का चूल गेली. चूल गेली का ढीग गेला. मी काई बोलत नाई."

आता हा ढीग काय, ते सांगायला हवं. वैशाखात तलाव आटतो, पाणकर गुडघाभर पाणी ठेवून बूच ठोकतो, आणि सगळे ढिवर मिळून मोठं जाळं ओढतात. वर्षाची मोठी मासोळी त्या एका दिवसाची. ती पारीवर ढीग करून मांडतात, एका चुलीला एक ढीग. हाक देणारा ढिगांकडे पाठ करून, डोळ्यांवर दुपट्टा बांधून बसतो. मांडणारा एका ढिगावर काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" तोंडातून जे नाव निघालं त्याचा तो ढीग. निघालेलं नाव परत घेता येत नाही. आणि शेवटच्या ढिगाला नाव मिळेपर्यंत कोणी आपला ढीग उचलायचा नाही. लहान-मोठा ढीग म्हणून भांडण नको, यासाठी म्हाताऱ्यांनी घालून दिलेली पद्धत.

हाक कैलाश देतो. ढीग आधी तुलाराम मांडायचा, कारण त्याच्या हाताचे ढीग सारखे. तो गेल्यावर लोकांनीच काठी मंदाबाईला दिली, दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. पण तिच्या चुलीच्या ढिगाला अजूनही 'तुलाराम' अशीच हाक. पहिल्या वर्षी त्या हाकेने तिच्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्या वर्षी बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी तिने पाहिलं, डोंगा मी चालवतो, पिल्लं मी अडवतो, ढीग मी मांडतो, आणि नाव त्याचं. तिला कैलाशचा गळा धरावासा वाटला.

"चूल कोनाची हाये?" तिने आता विचारलं.

"दादाची."

"तुह्या दादानं कधी पेटवली होती?" आवाज अगदी बारीक झाला. "रुचिकाच्या गॅसवर मासोळीचा वास चालत नाई म्हनून तीन वर्षं मी मागच्या सपरीत पेटवतो. काड्या मी आनतो, फुंकतो मी. ते चूल माही. मी जाईन तिथं ते येईन. पाट बी लावतो, अन् ढीग बी घेतो. दोन्ही. आता जाय, तुले काई बोलाचं नवतं न."

कैलाश गेला. पण जाताना त्याने सोसायटीच्या माणसांना सांगून ठेवलं, औंदा ढीग एक कमी मांडायचा. ते सगळ्यांना पटलंही. एक ढीग कमी म्हणजे बाकीच्यांची मासोळी तेवढी जास्त. कोणी तिच्या तोंडावर बोललं नाही, पण बाजाराच्या टेम्पोत बाया तिच्या शेजारची जागा सोडून बसायला लागल्या. मंदाबाई त्या रिकाम्या जागेवर टोपली ठेवायची.

जाळ्याच्या दिवशी सकाळी आठलाच ऊन टोचत होतं. सोमाजीने पाणी ठेवलं होतं, जाळं भरून आलं. मंदाबाई कोणाशी न बोलता ढीग मांडत गेली. मोठा रोहू इकडे, दोन मरळी तिकडे, ओंजळ ओंजळ झिंगे सगळ्यांवर. कोणीतरी मोजले आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. एक ढीग कमी नव्हता. गेल्या वर्षीइतकेच होते.

कैलाश दुपट्टा बांधून, पाठ करून बसला. तिने काठी टेकवली.

"हा कोनाचा?"

"चंद्रकुमारचा."

"हा कोनाचा?"

"कुंताबाईचा नातू, भुपेंद्रचा."

नावं निघत गेली. ज्याचं नाव निघे तो आपल्या ढिगामागे जाऊन उभा राही. शेवटी एकच ढीग उरला, मागे कोणी नसलेला. मंदाबाईने त्यावर काठी टेकवली.

"हा कोनाचा?"

कैलाशने दुपट्ट्याची गाठ आवळली.

"हा कोनाचा?"

"झालं," कैलाश दुपट्ट्याआडून म्हणाला. "सगळे झाले."

"ढीग हाये. मी काठी टेकवून उभी हावो. हा कोनाचा?"

ढिगांवर माश्या घोंगावायला लागल्या. कोणाला आपला ढीग उचलता येईना, पद्धतच तशी. ती मोडली तर पुढच्या वर्षी कोण कोणाचा ढीग उचलेल याचा नेम नाही, हे पोराटोरांनाही माहीत. ऊन चढत गेलं. रोहूचे डोळे पांढरे पडायला लागले. घारी खाली उतरल्या. मंदाबाईचा आवाज चढला नाही, थांबलाही नाही. ती शंभर श्वास मोजल्यासारखी थांबायची आणि पुन्हा विचारायची, त्याच सुरात, त्याच शब्दांत. मध्येच कैलाशच्या खिशात मोबाइलवर आरती वाजली. ती पूर्ण वाजून बंद झाली.

"दे न बापा नाव," मागून कोणी म्हणालं. "झिंगे गेले सारे."

"म्हंजे कसं हाये," कैलाशने सुरुवात केली.

"कसं बी असू दे," भुपेंद्र म्हणाला. "भंडाऱ्याचा व्यापारी बर्फ घेऊन उभा हाये. वितळून रायला."

पदर नाकाला लावून उभ्या असलेल्या रुचिकाचा धीर सुटला. "काका, सांगा ना नाव. एक्झॅक्टली कशासाठी थांबलोय आपण?" आणि लिलाधर, जमिनीकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काका, ढीग आईनं मांडला. तिलेच इचारत ठेवता का?"

कैलाशचे खांदे पडले. त्याने श्वास घेतला आणि मोठ्याने हाक दिली, "तुलारामचा."

पारीवर सगळ्यांनी सुटकेचा आवाज केला. दोघांनी आपापल्या ढिगाला हातही घातला. मंदाबाईने काठी उचलली नाही. त्या पाण्यावर त्या नावाची हाक तिने तीस वर्षं ऐकली होती. डोंग्यातून, पारीवरून, पहाटेच्या धुक्यातून. हो म्हटलं असतं तर ढीग तिचा होता, भांडण संपलं होतं, आणि ती कायमची त्याच्या नावाआड उभी राहिली असती.

"तो मेला," ती म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. "येतो म्हनला होता, नाई आला. मेल्या मानसाले मासोळी लागत नाई." तिने काठी ढिगात रोवली. "हा कोनाचा?"

"निघालेलं नाव परत नाई घेता येत, वयनी."

"नाव जित्या मानसाचं लागते. हाक दे, बोलाव त्याले. तो उभा रायला ढिगामागं त मी चालली जातो."

ढिगामागची जागा रिकामी होती. कैलाशला पाठीमागचं दिसत नव्हतं, पण तोही तुलारामचा भाऊ होता. डोळ्यांवरचा दुपट्टा त्याने दोन्ही हातांनी दाबला. मग जो आवाज निघाला तो अध्यक्षाचा नव्हता.

"मंदाबाईचा."

"ऐकू नाई आलं."

"मंदाबाईचा. मंदाबाईचा हाये."

मंदाबाई काठी टाकून ढिगामागे जाऊन उभी राहिली. लोक आपापल्या ढिगांवर तुटून पडले. तिने तीन मोठे रोहू उचलून लिलाधरच्या हातात दिले. "हे तुह्या गॅसवरचे. वास आला त खिडकी उघड म्हन रुचिकाले." मग तिने पारीच्या टोकाकडे पाहिलं. सोमाजी तिथे सकाळपासून उभा होता. तो सगळ्यांमधून वाट काढत आला, हातात कडी तुटलेली निळी बादली.

"इतका वेळ काय करत होता?"

"पाहून रायलो होतो."

"पाहून रायलो होतो," तिने त्याचा सूर जसाच्या तसा काढला, आणि ढीग बादलीत भरायला लागली. त्याने एक बाजू धरली, तिने दुसरी, आणि दोघं भर उन्हात, अख्ख्या गावासमोर, पारीवरून त्याच्या घराकडे निघाली.

"अन् गुडघाभर पानी ठेवजा म्हनलं होतं तुमाले," ती चालता चालता म्हणाली. "माह्या कमरेले लागलं. काहून ठेवलं एवढं?"

सोमाजी दहा पावलं चालला.

"गुडघा कोनाचा, ते नाई सांगतलं तुमी."

मंदाबाईने बादली खाली ठेवली. पदर खोचला. मागे राहिलेल्यांना शब्द ऐकू आले नाहीत, पण आवाज बारीक झालेला जाणवला, आणि लोकांना कळलं की आज सोमाजीचं काही खरं नाही. तो मात्र मान खाली घालून, ओठ हलवत, पुढचं उत्तर जुळवत होता.